चिवड्याच्या अंगाला ओव्याचा वास

चिवडा बाथरूममधून दुसऱ्यांदा निसटला तेव्हा अर्धा शाम्पू त्याच्या अंगावर होता आणि अर्धा माझ्या. तो हॉलमधून पळाला, सोफ्यावर चढला आणि तिथे अंग झाडलं. टीव्हीपासून देवघरापर्यंत दुधाळ पाणी उडालं. निखिलने लॅपटॉप डोक्यावर धरला. तो मीटिंगमध्ये होता.

"अक्का, प्लीज. म्यूटवर आहे मी, पण व्हिडिओ चालू आहे."

"मग दिसू दे त्यांना. तू आधी दार लाव. हा जिन्यात गेला तर तुझी मीटिंग तळमजल्यावर होईल."

मी घरोघर जाऊन कुत्र्यांना आंघोळ घालते, केस आणि नखं कापते, कान साफ करते. याला आता ग्रूमिंग म्हणतात. मी सुरू केलं तेव्हा याला काही नाव नव्हतं. माझा नवरा इकडे कानडी मुलखात, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात होता. तो गेल्यावर मी एका जनावरांच्या दवाखान्यात झाडलोट करायला लागले. तिथे एकदा कुत्रं धरायला माणूस कमी पडला, मी धरलं. मग तेच काम झालं. माझी शाळा चौथीपर्यंत. कुत्रं धरायला तेवढी पुरते.

चिवडा हा कॉकर स्पॅनियल. लांब कान, लांब केस, आखूड शेपूट आणि कुठेतरी जायची कायमची घाई. अंगावर पिवळे-तपकिरी ठिपके, म्हणून चिवडा. निखिल आणि त्याची बायको ऋता दोघंही पुण्याची. एचएसआर लेआउटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. कंप्युटरवर काम करतात. काय काम करतात ते मी विचारलं नाही, सांगितलं असतं तरी कळलं नसतं. ऋता गरोदर होती, दिवस भरत आले होते. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण करायला निखिलची आई काही महिने आधीच कराडहून येऊन राहिली होती. मालतीबाई. माझ्याच वयाच्या. त्या पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या आणि एक शब्दही बोलल्या नाहीत.

मला बोलावलं होतं ते कातडीसाठी. चिवड्याच्या पोटाखाली, काखेत आणि पंज्यांच्या बोटांमध्ये कातडी लाल आणि जाड झाली होती. कान आतून ओले. केस चिकट. आणि वास. ब्रेड पिशवीत बांधून विसरला की येतो ना, तसा. याला यीस्ट म्हणतात, एक प्रकारची बुरशी. प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर ती थोडी असतेच. तिला ओल मिळाली, तेलकटपणा मिळाला की ती वाढते. मग कुत्रं खाजवतं, खाजवलं की कातडी आणखी बिघडते, कातडी बिघडली की बुरशीला आणखी बरं वाटतं. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या होत्या, औषधी शाम्पू दिला होता. गोळ्या असेपर्यंत आराम पडायचा. थांबल्या की पुन्हा तेच.

"वास आला की मला उलटी होते," ऋता म्हणाली. "आणि तो तर माझ्याच पायाशी येऊन बसतो."

निखिलने शहराबाहेर होसकोट्याजवळच्या एका माणसाशी बोलून ठेवलं होतं. तो कुत्री सांभाळायला घेतो. कायमची.

"मोठं फार्म आहे, अक्का. मोकळी जागा. तो हॅपी राहील तिथे."

"आंघोळ कोण घालेल?"

"स्टाफ असेल की."

"अशा जागा मी बघितल्यात. स्टाफ म्हणजे एक पाइप असतो."

ऋताने पाय स्टुलावर ठेवले होते. ती म्हणाली, "हा होसकोट्याला गेला तर मीही जाते. माझं बाळंतपण तिकडेच करा. मोकळी जागा आहे म्हणे."

निखिल वाईट मुलगा नाही. त्याने चिवड्याला पिल्लू असताना आणलं होतं, तोच त्याला फिरवायचा, तोच डॉक्टरकडे न्यायचा. पण घरात बाळ येणार होतं आणि हे संपत नव्हतं. तो म्हणाला, "महिनाअखेरीपर्यंत थांबतो. मग त्यांची गाडी येईल. तोवर बरा झाला तर कुणाला हवंय त्याला पाठवायला?"

म्हणजे काम माझ्यावर आलं.

औषधी शाम्पूचा एक नियम असतो, आणि लोक नेमका तोच पाळत नाहीत. शाम्पू लावला की दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा, मग धुवायचा. लगेच धुतला तर औषध मोरीत जातं आणि मोरीला यीस्ट झालेलं नसतं. पण दहा मिनिटं ओलं कुत्रं उभं ठेवायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. चिवडा दहा सेकंद उभा राहत नव्हता.

माझ्याकडे यासाठी युक्त्या आहेत. रबराची एक चटई असते, ती फरशीला चिकटवायची आणि वर दही लावायचं. कुत्रं चाटत बसतं, आपण काम करतो. चिवड्याने दही संपवलं, चटई उपटली आणि ती तोंडात घेऊन पळाला. गळ्यात मऊ पट्टा अडकवून तो नळाला बांधला. नळ हलायला लागला. तोंडाला जाळी घातली तर खाली बसून असा रडला की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी इंटरकॉमवरून विचारलं, कुणी गेलं का.

आणि एक गोष्ट मला खटकत होती. शाम्पूला फेस येत नव्हता. कितीही चोळा, नुसतं दुधासारखं पाणी.

"टँकरचं पाणी," मी म्हटलं. "जड असतं ते. फेस येत नाही, शाम्पू चढत नाही. पुढच्या वेळेला प्यायच्या पाण्याचे कॅन मागवून ठेव."

निखिलने मागवले. कॅन खांद्यावर घेऊन वर आलेल्या माणसाने विचारलं, फंक्शन आहे का. निखिल म्हणाला, "कुत्र्याची आंघोळ आहे." माणूस जिना उतरेपर्यंत हसत होता. "आम्ही टँकरच्या पाण्याने आंघोळ करतो आणि हे साहेब कॅनच्या," निखिल म्हणाला आणि स्वतःच बादल्या भरायला लागला.

तरी फेस आला नाही. पाणी चांगलं होतं. मीच चुकले होते.

त्या दिवशी निखिल घरून काम करत होता, ऋता रजेवर होती. चिवडा कसाबसा धुऊन झाला होता आणि मी त्याचे कान पुसत होते. स्पॅनियलचे कान लोंबते, आत वारा जात नाही, म्हणून ते आतून पार कोरडे करावे लागतात. मी कान उलटा केला, नाक जवळ नेलं. शिळ्या ब्रेडचा वास होताच. पण त्याच्या खाली आणखी एक वास होता.

मी दुसरा कान हुंगला. मग मान हुंगली.

"काय झालं?" ऋताने विचारलं.

मला तीन मुलं झालीत. तो वास मला झोपेतही ओळखता येईल. तीळतेल, डाळीचं पीठ आणि निखाऱ्यावर टाकलेला ओवा. बाळंतिणीच्या खोलीचा वास. या घरात बाळ अजून यायचं होतं, आणि तो वास कुत्र्याला येत होता.

"याला धुरी कोण देतं?" मी विचारलं.

निखिलने हेडफोन काढला. "काय देतं?"

"धुरी. ओव्याची. तेल लावून, पीठ चोळून, वर धुरी. कोण देतं या घरात?"

निखिलने ऋताकडे पाहिलं. ऋताने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत लाटण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. मालतीबाई हात पुसत बाहेर आल्या.

"मी देते," त्या म्हणाल्या. "काय झालं?"

"आई, कुत्र्याला?"

"मग कुणाला देऊ? ऋताने आधीच सांगून टाकलंय. त्यांच्या क्लासमध्ये शिकवलंय म्हणे, बाळाला डाळीचं पीठ नको, धुरी नको, आजीच्या हातची मालिश तर बघून ठरवू. बरं. बाळाला नको. कुत्र्याला नको असं कुणी म्हणालं नव्हतं."

ऋताने तोंडावर हात ठेवला.

"पण का?" निखिलने विचारलं.

"हाताची सवय मोडलीय माझ्या. तुझ्यानंतर एक मूल न्हाऊ घातलेलं नाही या हातांनी. उद्या तुम्ही म्हणालात, आई घाला आंघोळ, तर काय करू? म्हटलं हात बसवून घ्यावा. तुम्ही ऑफिसला गेलात की हा रिकामाच असतो, मीही रिकामीच असते. गॅसवर निखारा करते, खिडकी उघडी ठेवते. कुणाला काय त्रास?"

"आई, डॉक्टरांनी प्रत्येक वेळी विचारलं, अंगाला काही लावता का म्हणून."

"मला कुठे विचारलं? तुला विचारलं. तू नाही म्हणालास."

निखिलने लॅपटॉप मिटला. मीसुद्धा दोघांनाच विचारलं होतं. लसूण सोलणाऱ्या बाईला कोण विचारतं?

मी तिथूनच चिवड्याच्या डॉक्टरांना फोन लावला. आमचे डॉक्टर म्हैसूरकडचे, आम्ही कानडीत बोलतो. सांगितलं, फेस का येत नव्हता ते सापडलं. तेलावर शाम्पू बसत नाही, कातडीपर्यंत औषध पोचलंच नाही. त्यांनी विचारलं कुठलं तेल. मी म्हटलं तिळाचं, त्यावर डाळीचं पीठ, त्यावर ओव्याची धुरी.

"अक्का," ते म्हणाले, "ही ट्रीटमेंट नाही, रेसिपी आहे."

मग कामाचं बोलले. आधी तेल काढणारा वेगळा शाम्पू, तो ते देणार होते. मग औषधी शाम्पू, दहा मिनिटं पूर्ण. मग मुळापर्यंत कोरडं करायचं. गोळ्या पुन्हा सुरू, ते सांगतील तोवर. तेल, पीठ, धूर, सगळं बंद. "सरी," म्हणजे बरं, असं म्हणून मी फोन ठेवला.

मालतीबाई तोवर खुर्चीवर बसल्या होत्या. चेहरा उतरला होता. चिवडा त्यांच्या पायाशी गेला होता आणि त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

"म्हणजे मीच धाडतेय याला होसकोट्याला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही एकट्या नाही," मी म्हटलं. मला असल्या वेळी गोड बोलता येत नाही. "तेल तुमचं. दहा मिनिटं उभा न राहणं त्याचं. तेल आज बंद होईल. पण हा जोवर उभा राहत नाही तोवर शाम्पूचा उपयोग नाही."

"उभा कशाला राहायला हवा? पडून राहिला तर चालत नाही का?"

"पडून राहिला तर आणखी काय हवं. राहतो कुठे?"

"माझ्यापाशी राहतो की."

मी टॉवेल खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"पायांवर घेतलं की पडतो. कधी कधी झोपतो सुद्धा. तेल लावून होईपर्यंत हलत नाही."

"दाखवा."

त्या बाथरूममध्ये गेल्या. बुटकं स्टूल भिंतीला लावलं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, पाय समोर लांब सोडले, दोन्ही पावलं जुळवली. आपल्याकडे तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना बायका बसतात तशा. मग नुसतं म्हणाल्या, "ये रे."

चिवडा गेला. इतका वेळ ज्या बाथरूमला तो घाबरत होता, त्यात स्वतःच्या पायांनी गेला. त्यांच्या नडग्यांवर चढला, पोटावर पसरला, हनुवटी पावलांवर टेकवली आणि एक लांब श्वास सोडला. आखूड शेपूट एकदा हललं आणि थांबलं.

मी खूप कुत्री धरली आहेत. चावणारी, रडणारी, भिंतीवर चढणारी. असं कुणी पडलेलं बघितलं नव्हतं. त्याच्या गळ्यात अडकवायचा माझा पट्टा नळाला लटकत होता. मी तो गुपचूप काढून पिशवीत टाकला.

"गुडघे दुखतील तुमचे," मी म्हटलं.

"दुखतातच. न बसताही दुखतात."

"हात हाच ठेवायचा. तेलाऐवजी शाम्पू. वरवर नाही, कातडीपर्यंत बोटं गेली पाहिजेत. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, मी कापसाचे बोळे घालून देते."

"तेल अजिबात नाही?"

"थेंबसुद्धा नाही."

"धुरी?"

"धुरी कुणालाच नाही. कुत्र्याला नाही, बाळाला नाही, तुम्हालाही नाही. सगळ्यांच्या छातीत जातो तो धूर."

त्यांनी ऋताकडे पाहिलं. ऋता दारात उभी होती, पोट धरून, हसून हसून डोळ्यांतून पाणी येत होतं. ती म्हणाली, "आई, मालिश तुम्हीच करा हो बाळाला. तेल डॉक्टरांना विचारून घेऊ. पीठ आणि धूर सोडून सगळं तुमचं."

"बघू," मालतीबाई म्हणाल्या. "आधी हे एक न्हाऊन होऊ दे."

तेव्हापासून काम बदललं. मी पोचले की त्या पाय पसरून तयार. आधी तेल काढणारा शाम्पू. पहिल्यांदा पांढरा, उभा फेस आला तेव्हा मला बरं वाटलं, पण मी बोलले नाही, कारण फेस आला म्हणजे कातडी बरी झाली असं नसतं. मग औषधी शाम्पू आणि दहा मिनिटं. ती दहा मिनिटं मालतीबाई चिवड्याशी बोलायच्या. कराडच्या गोष्टी. कुणाच्या सुनेचं आणि नणंदेचं कशावरून बिनसलं, कुणी जमीन विकून कार घेतली आणि ती कुठे ठोकली. चिवडा ऐकायचा. मीही बाहेर नखांची कात्री पुसत ऐकायचे. एकदा गोष्ट रंगली आणि वीस मिनिटं झाली. मलाच सांगावं लागलं, त्याला आता धुवा, नाहीतर साल निघेल त्याची.

वाळवायचं माझं. ब्लोअरला तो घाबरायचा, म्हणून टॉवेल दाबून पाणी टिपायचं, आणि मग ब्लोअर लांब धरून अगदी गार वाऱ्यावर. त्यानंतर बारीक तारांच्या ब्रशने हळूहळू. ब्रशचं टोक आपल्या हातावर फिरवून बघायचं. आपल्याला टोचलं तर त्यालाही टोचतं. काखेतले आणि पंज्यांच्या बोटांमधले केस मी अगदी बारीक कापले, म्हणजे ओल धरणार नाही.

निखिलने अजून होसकोट्याच्या माणसाला येऊ नको असं सांगितलं नव्हतं. मी विचारलं नाही. ते त्याचं घर.

आणि महिनाअखेरीला गाडी आली. मी तिथेच होते. खालून वॉचमनचा इंटरकॉम आला आणि मग ड्रायव्हर स्वतःच वर आला, हातात साखळी घेऊन. "नायी एल्लि?" त्याने विचारलं. कुत्रा कुठाय.

मालतीबाईंना कानडी येत नाही, पण उघड्या दारातून साखळी दिसली. त्या बाथरूममधून ओरडल्या, "सांगा त्याला, आंघोळ चाललीय."

निखिल बाथरूमच्या दारात जाऊन उभा राहिला. चिवडा पायांवर पसरला होता, अर्धा झोपेत. पोट अजून पूर्ण बरं नव्हतं. पंजे तर अजून लालच होते. काखेत मात्र नवे केस फुटायला लागले होते, बारीक, पिल्लासारखे. निखिलने मला विचारलं, "बरा होईल?"

"होतोय. झाला नाही अजून. सोडून दिलं तर पुन्हा बिघडेल. लक्ष ठेवलं तर नाही."

तो खाली वाकला. चिवड्याचा ओला कान उचलला, कापूस काढला आणि नाक आत घातलं. बराच वेळ तसाच राहिला. ऋता त्याच्याकडे बघत होती. मालतीबाईंचा हात चिवड्याच्या पाठीवर थांबला होता.

"ब्रेडचा वास नाही," तो म्हणाला.

मग बाहेर आला आणि त्याच्या मोडक्या कानडीत ड्रायव्हरला म्हणाला, "बेडा अण्णा. सॉरी. नको आता." ड्रायव्हरला काही वाईट वाटलं नाही. ऋताने त्याला चहा दिला. चहा पिताना त्याला कळलं मी कोण ते, तेव्हा म्हणाला, अक्का, आमच्या घरचं कुत्रंही खाजवतं, काय करू. मी म्हटलं डॉक्टरला दाखव, आणि घरात दिवसभर कोण असतं ते सांग. "अम्मा," तो म्हणाला. "मग अम्माला आधी विचार, त्याला काय लावते," मी म्हटलं. तो कप हातात धरून विचार करायला लागला. मग म्हणाला, "एरंडेल."

ऋताला मुलगी झाली. परवा मी नखं कापायला गेले होते. आता महिन्यातून एकदाच जाते, अंगाला काही नाही, केस चकाकतात. मालतीबाई अजून कराडला गेल्या नाहीत. बाथरूममध्ये स्टुलावर पाय पसरून बसल्या होत्या, शेजारी कोमट पाण्याची बादली. ऋता मुलीला दुपट्यात गुंडाळून घेऊन आली. तेवढ्यात चिवडा तिच्या पायांमधून घुसला, मालतीबाईंच्या नडग्यांवर चढला आणि पसरला.

"आई, आता नंबर कुणाचा?" ऋताने विचारलं.

"त्याचा आधीपासूनचा आहे," मालतीबाई म्हणाल्या. "पण आज तिचा. उठ रे." तो उठला, पण लांब गेला नाही. बादलीशेजारी बसला आणि मुलीची आंघोळ होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.

मी मात्र एक सवय लावून घेतलीय. नव्या घरी गेले की आता कुत्र्याला नंतर हात लावते. आधी स्वयंपाकघरात डोकावते. तिथे कुणी म्हातारं माणूस काही सोलत, निवडत गप्प बसलेलं असेल, तर पिशवी खाली ठेवते आणि आधी त्याच्याशी बोलते.